बारावी नसताना मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊ का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय २७. दहावी पास, बारावी नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी, शिफ्ट बदलती. आता पदवी घ्यायची आहे, जमलं तर सरकारी नोकरीसाठी. एक मित्र म्हणतो, मुक्त विद्यापीठात बारावीशिवाय थेट बी.ए. होतं. दुसरा म्हणतो, १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचा अर्ज, भरून आधी बारावी काढ. तिसऱ्यानं एका एजंटचा नंबर दिलाय, तो एका वर्षात पदवी हातात देतो म्हणतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "जिथं कुणालाही प्रवेश मिळतो, त्या पदवीला किंमत ती काय असणार?"

मी कोल्हापुरात मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्राचं काम बरीच वर्षं पाहिलं, आणि रविवारी समंत्रक, म्हणजे तिथला शिक्षक, म्हणून इतिहासही शिकवला. त्यामुळे मुक्त शिक्षणाकडे माझा कल आहे, हे आधीच सांगतो. तरीही तुम्हाला सल्ला देताना मी दुसऱ्या मित्राच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

कुठंतरी प्रवेश मिळवणं तुम्हाला अवघड जाणार नाही. पण पदवीचा कागद उद्या तुम्ही कुणाच्या टेबलावर ठेवणार आहात, ते आधी ठरवा. कारण कंपनीत सुपरवायझर व्हायला, पोलीस भरतीला, एमपीएससीला आणि एलएल.बी.ला लागणारे कागद सारखे नाहीत. लोक प्रवेशाच्या बाजूनं विचार करत पुढं जातात आणि पाच वर्षांनी कागदपत्र पडताळणीच्या खिडकीवर अडकतात. तुम्ही खिडकीपासून मागं या.

आता किमतीचं. प्रवेश खुला असला म्हणजे परीक्षाही सोपी, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. विलायतेतलं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं, ते प्रवेशाला कुठलीही पात्रता न लावता, आणि त्याची पदवी कुणी हलकी मानत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० पासून शहरातल्या हायस्कूलमधून पास होणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कुठल्या तरी कॉलेजात जागा देण्याचं ठरवलं. पोरं लोंढ्यानं आली, कच्च्या पोरांसाठी वेगळे वर्ग चालवावे लागले, आणि शहराचा खजिना आटल्यावर १९७६ मध्ये तिथलं मोफत शिक्षण बंद झालं. म्हणजे दार उघडणं हा खर्चाचा मामला आहे, खरा खर्च आत आलेल्याला टिकवण्याचा असतो. आपल्याकडे आंध्रात १९८२ मध्ये पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू हे केंद्राचं मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचं विभागीय केंद्र आपल्या कोल्हापुरातही आहे. ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे ते यशवंतरावही इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, पण तो विषय वेगळा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी पारंपरिक कॉलेजांतही बी.ए.चा प्रवेश प्रत्यक्षात खुलाच असतो. बारावी पास असलात आणि वेळेत अर्ज केलात की झालं, पस्तीस टक्के असोत की पंच्याहत्तर. चाळण लागते ती पुढं, पहिल्या वर्षाच्या निकालात. मुक्त विद्यापीठात चाळण तिथंच असते, फक्त दिसत नाही, कारण नापास होण्याआधीच माणूस यायचा बंद होतो. त्यावर पुढं बोलतो.

कायद्याची बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दोन मित्रांचं भांडण इथंच आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, १९८५ मध्ये दूरशिक्षणासाठी जे नियम केले, त्यात बारावी पास ही सर्वसाधारण अट होती. पण ज्याच्याकडे आधीचं शिक्षणच नाही त्याच्यासाठी एक वाट ठेवली होती: वय २१ पूर्ण असावं आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास व्हावी. या वाटेवरूनच 'पूर्वतयारी' सारखे शिक्षणक्रम आले. शाळा सोडलेल्या बायका, हमाल, शेतकरी त्यातून पदवीधर झाले. काही फार चांगले निघाले. तुमचा पहिला मित्र सांगतोय ती ही वाट.

अडचण पुढची आहे. पूर्वतयारी पास होणं म्हणजे बारावी पास होणं नव्हे. त्या विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश मिळावा एवढ्यापुरतंच ते आहे. जिथं जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण किंवा समकक्ष' असं लिहिलंय, तिथं ते प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुक्त विद्यापीठांनाही यूजीसीचे किमान नियम पाळावेच लागतात. त्या खटल्यातल्या माणसाकडे मुक्त विद्यापीठाची एम.ए. होती, पण खालची पदवीच नव्हती, आणि ती एम.ए. धरली गेली नाही. वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलचे २००८चे नियम तर आणखी सरळ आहेत: पायाची पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला लॉला प्रवेश नाही. आज तुमच्या डोक्यात वकिली नसेल. पण आमच्या केंद्रातून पदवी घेतलेले कितीतरी जण दोन-तीन वर्षांनी एलएल.बी.ची चौकशी करायला येतात, आणि ज्यांची बारावी नाही त्यांना तिथं थांबावं लागतं.

शिवाय गेल्या काही वर्षांत यूजीसीचा ओढा बारावीकडेच वाढत गेला आहे. म्हणून 'माझ्या मावसभावाला मिळाला होता' हा पुरावा धरू नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडायची, आपल्या शिक्षणक्रमासमोर पात्रतेच्या रकान्यात काय छापलंय ते वाचायचं.

आता दुसरी भीती, मुक्त विद्यापीठाची पदवी एमपीएससीला चालत नाही ही. ही निव्वळ अफवा आहे. केंद्र सरकारची २०१५ची अधिसूचना आहे: कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाची, यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ पदवी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आपोआप ग्राह्य. २०२२ मध्ये यूजीसीनं पुन्हा सांगितलं की अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. एमपीएससी देणाऱ्यांत मुक्त विद्यापीठाचे पदवीधर काही कमी नाहीत. मात्र दहावी, बारावी, पदवी अशी साखळी सलग असेल तर कुणी प्रश्न विचारत नाही. मधली कडी नसेल तर प्रत्येक ठिकाणी तुम्हाला खुलासा करत बसावं लागतं, आणि समोरचा कारकून कधी समजूतदार असतो, कधी नसतो.

वयाचं गणितही करून ठेवा. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल वयोमर्यादा आहे. म्हणजे आज बारावीला बसलात आणि मग तीन वर्षांची पदवी केलीत, तरी तिशी ओलांडता ओलांडता पदवीधर व्हाल आणि हातात पुरेशी वर्षं उरतील. पीएसआयची मर्यादा याहून बरीच खाली आहे. आणि पोलीस शिपाई व्हायचं असेल तर हिशोब वेगळाच: पात्रता बारावी, वय खुल्या प्रवर्गात २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३. तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल आणि मनात पोलीस भरती असेल, तर पदवीचा विचार बाजूला ठेवून याच वर्षी बारावीच्या मागं लागा. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून हे दोन्ही सांगितलं.

आणि खासगी नोकरीपुरतं बघायचं असेल, म्हणजे याच फौंड्रीत किंवा गोकुळ शिरगाव, कागलच्या एखाद्या कंपनीत वर चढायचं असेल, तर खरं सांगतो, बी.ए.पेक्षा एखादा तांत्रिक डिप्लोमा जास्त उपयोगी पडेल. मालक पदवी बघत नाही असं नाही, पण तो आधी ड्रॉइंग वाचता येतं का ते बघतो.

बारावी कशी काढायची, त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसायचं. आपलं कोल्हापूर विभागीय मंडळ कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांचं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण अर्ज आदल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास ऑनलाइन सुरू होतो, आणि इथंच लोक चुकतात. दिवाळी झाली की जागे होतात, तोवर मुदत गेलेली असते किंवा विलंब शुल्क लागतं. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर शाळेतून द्वितीय प्रत घ्यायची आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. हा दाखला आजच शोधायला लागा. घरातल्या लोखंडी पेटीत असतो असं सगळे म्हणतात आणि निम्म्यांना तो सापडत नाही. अर्ज भरताना एक संपर्क केंद्र, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, निवडावं लागतं. पर्यावरणाचा प्रकल्प वगैरे तिथंच द्यायचा असतो. जवळचं निवडा आणि एकदा तिथं जाऊन संबंधित सरांना भेटून या, म्हणजे निरोप वेळेत मिळतात. शाखा कला घ्या. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना शिफ्ट सांभाळून हजर राहणं तुम्हाला परवडायचं नाही.

यात अडतं ते इंग्रजीला. राज्य मंडळाच्या बारावीला इंग्रजी सक्तीचं आहे, आणि दहा वर्षं पुस्तक बाजूला ठेवलेल्या माणसाची इंग्रजीनंच दांडी उडते. बाकी विषय वाचून निघतात. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज थोडं इंग्रजी करा, बाकीचं पुढं बघू. राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते.

दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ही पण खुल्या शिक्षणाचीच संस्था, पण हिच्या बारावीला कायद्यानं बारावीचा दर्जा आहे. पाच विषय पास व्हायचे, त्यासाठी पाच वर्षांची मुदत आणि नऊ संधी. एका वेळी दोन विषय दिलेत तरी चालतं, पास झालेला विषय खात्यात जमा राहतो. एक भाषा घ्यावी लागते, ती इंग्रजीच पाहिजे असं नाही. बदलत्या शिफ्टच्या माणसाला ही सोय मोठी आहे. पण तुम्हाला हवे ते विषय बारावी पातळीवर मराठीतून मिळतात का, हे नोंदणीच्या आधी बघून घ्या. दहावी मराठी माध्यमातली असेल आणि पुस्तकं हिंदी किंवा इंग्रजीतली आली, तर सोय राहते बाजूला आणि नवीनच ओझं होतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेला असेल, तर तेही विचारा, कारण आयटीआयचं शिक्षण धरून मोजकेच विषय द्यावे लागण्याची तरतूद एनआयओएसमध्ये आहे. फौंड्रीत आहात म्हणजे मोल्डर किंवा फिटरचा ट्रेड केलेला असू शकतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

माझ्या मते तुम्ही १७ नंबर घ्या. मराठीतून होतं, एका वर्षात होतं, आणि इथल्या खिडक्यांना ते ओळखीचं आहे. शिफ्टमुळे एका दमात सगळे विषय झेपणार नाहीत असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तरच एनआयओएस.

बारावी झाली की पदवीला मुक्त विद्यापीठात या, बिनधास्त या. शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे, तेही बघा. या वेळी तुमची कागदाची साखळी सलग असेल. २०२४ पासून दूरस्थ शिक्षणक्रमांना प्रवेश घेताना डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो एबीसी आयडीवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन श्रेयांक खात्याच्या क्रमांकावरून, तुम्ही स्वतः काढायचा, नेट कॅफेवाल्याकडून काढला तरी मोबाइल नंबर तुमचाच द्यायचा. नाहीतर पुढं ओटीपी जातो त्याच्याकडे आणि तुम्ही फिरता त्याच्या दुकानाच्या चकरा मारत.

एजंटचं दोन ओळीत. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुठलंच मान्य विद्यापीठ देत नाही, मागच्या तारखेचा प्रवेश दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. आणि परराज्यातल्या राज्य विद्यापीठाला कोल्हापुरात दूरशिक्षणाचं केंद्र चालवण्याची मुभाच नाही. छत्तीसगडमधली ११२ खासगी विद्यापीठं सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या एकाच निकालानं रद्द झाली होती, तेव्हा विद्यापीठाचं नाव मोठं दिसलं म्हणून भुलू नका. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि शिक्षणक्रम दोन्हींची नावं असायला हवीत. तो नंबर डिलीट करा.

आता टिकण्याचं. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्याही आधी, १९०१ पासून, त्यांनी एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. खेड्यातल्या पोराला कॉलेजचं दार उघडं असून उपयोग नाही, रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. दसरा चौकातून जाताना त्या इमारती बघा. मुक्त शिक्षणात बोर्डिंग नसतं, आधाराची ती व्यवस्था तुमची तुम्हालाच करावी लागते.

केंद्रात मी पाहिलेलं असं. प्रवेशाच्या वेळी खोलीत बसायला जागा नसते: एसटीचे वाहक, होमगार्ड, अंगणवाडी सेविका, हुपरीचे चांदी कारागीर, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका. पहिल्या गृहपाठाची तारीख आली की निम्मी बाकं रिकामी. परीक्षेची भीती त्यांना नसते, मुळात तिथवर ते पोचतच नाहीत. कोरा कागद समोर ठेवून चार ओळी स्वतःच्या लिहायच्या, ही सवयच हातातून गेलेली असते. फौंड्रीच्या कोअर शॉप विभागात काम करणारा एक जण पहिला गृहपाठ घेऊन आला. अक्षर सुरेख, आणि उत्तर म्हणजे पुस्तकाचं पान जसंच्या तसं, 'पुढील प्रकरणात आपण पाहणार आहोत' या वाक्यासकट. त्याला म्हटलं, रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीत एकच पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदावर पाच ओळी लिहायच्या. चुकल्या तर चुकल्या. पहिले काही कागद त्यानं दाखवायला आणले तेव्हा वाक्यं अर्धवट तुटलेली होती, काळे डाग पडलेले होते. तरी ती त्याची वाक्यं होती. पुढं पेपरात त्याला कुठं अडलं नाही. हीच रीत तुम्ही बारावीपासून सुरू करा, पदवीला ती फुकट मिळेल.

शिफ्टचंही आधी बोलून ठेवा. संपर्कसत्रं बहुतेक रविवारी असतात. तुमची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या दिवशी असेल तर सुपरवायझरला परीक्षेचं वेळापत्रक हातात पडताच दाखवा, आदल्या दिवशी नको. परीक्षेच्या काळात ओव्हरटाइम सोडावा लागेल, म्हणजे पगार थोडा कमी येईल. घरी हे आधी सांगा. शिक्षण सुटण्याची कारणं मी ऐकली त्यात अभ्यास अवघड गेला म्हणणारे कमी, घरात तणतण सुरू झाली म्हणणारे जास्त.

थोडक्यात, या महिन्यात दाखला आणि दहावीची गुणपत्रिका शोधा, मंडळाच्या संकेतस्थळावर १७ नंबरच्या तारखा बघा, पदवीचं पुढच्या वर्षी.

उत्तर देताना दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या, त्या लिहा: दहावीनंतर आयटीआय केलाय का, आणि प्रवर्ग कोणता. आयटीआय झालेला असेल तर वर जे १७ नंबरचं म्हटलंय ते बदलू शकतं, मग ट्रेड आणि पास झाल्याचं वर्षही कळवा.